पुढच्या महिन्यात जर्मनीला चाललो आणि भेव लागते. विश्वास कमी पडतोय का?

संत्राबाग_अचलपूर
जय ख्रिस्त मंडळी. इथे वाचत असतो नेहमी, लिहितो आज पहिल्यांदा.

आमचं गाव अचलपूर तालुक्यात आहे. घरची संत्र्याची बाग, थोडी पराटी म्हणजे कापूस, थोडी तूर. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून बीएस्सी केलं आणि आता ग्योटिंगेनला एमएस्सीला नंबर लागला. २७ सप्टेंबरचं विमान आहे. गावातून परदेशी शिकायला जाणारा मी पहिलाच, त्यामुळे सगळ्यांना आनंद झालाय. बँकेनं शेत तारण घ्यायला नकार दिला, तेव्हा काकांनी परतवाड्याचं घर तारण दिलं. तिकडच्या राहण्याच्या खर्चाची हमी म्हणून जर्मनीच्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरावे लागतात, म्हणजे बारा लाखांच्या घरात. ते भरले. व्हिसा आला. आई रोज काहीतरी बांधून ठेवते, काल तिखट कुटलं.

आणि मी रोज रात्री तीन वाजता उठून बसतो. छाती धडधडते. नापास झालो तर? काकांचं घर गेलं तर? तिकडे आजारी पडलो तर सांगू कोणत्या भाषेत? यंदा संत्र्याच्या आंबिया बहाराची फळगळ एवढी झाली की बाबा हिशोबाची वही उघडतच नाहीत, आणि मी विमानात बसणार.

पण विचारायचं आहे ते वेगळंच. मागच्या रविवारी उपासनेनंतर मंडळीनं मला पुढे बोलावलं, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. एक काका म्हणाले, "याच्यासोबत प्रभू आहे, याच्या मनात भय नाही." सगळे आमेन म्हणाले. मीही म्हणालो. तेव्हा मला लबाड असल्यासारखं वाटलं. कारण भय आहे, पोटात गोळा येईल एवढं आहे. लहानपणापासून देवळात, म्हणजे चर्चमध्ये वाढलो, रविवारच्या शाळेत वचनं पाठ केली, बक्षिसं घेतली. ते सगळं वरवरचंच होतं का? प्रामाणिक उत्तर हवं आहे.

गुरुजी_दर्यापूर
मी ख्रिस्ती नाही, पण तुझी पोस्ट वाचून राहवलं नाही. ज्यांच्या नावाच्या विद्यापीठात तू शिकलास ते पंजाबराव देशमुख पापळसारख्या गावातून एडिंबरा आणि ऑक्सफर्डला गेले होते, तेही शंभर वर्षांपूर्वी, जहाजानं. त्यांनाही बंदरावर उभं राहून काहीतरी वाटलंच असेल. जा पोरा. कागदपत्रांच्या दोन-दोन झेरॉक्स काढ, एपीएसचं सर्टिफिकेट, म्हणजे पदवीच्या पडताळणीचा दाखला, हातातल्या पिशवीत ठेव, बॅगेत नको.

जागता_पहारेकरी
भाऊ, स्पष्ट लिहितो, राग मानू नको. शास्त्रात "भिऊ नको" किती वेळा आलंय ते बघ. ती सूचना नाही, आज्ञा आहे. भय हे शत्रूचं हत्यार आहे. ज्याचा भरवसा पक्का त्याला झोप लागते. प्रभू स्वतः वादळात नावेत उशी घेऊन झोपला होता. जायच्या आधी उपास धर, मन शुद्ध कर. आणि हे असं उघड लिहू नको, जे कबूल करशील तेच वाढेल. माझा मुलगाही तीन वर्षांपासून कॅनडात आहे. निघताना त्याला हेच सांगितलं होतं की रडत फोन करायचा नाही, विश्वासानं उभं राहायचं. आणि तो उभा राहिला.

भाकर_आणि_ब्रोट
संत्राबाग, मी मोर्शीकडची. हाले शहरात कृषीचीच एमएस्सी करतेय, आता थीसिस चालू आहे. तुझ्या प्रश्नाला उत्तर द्यायला दोन दिवस घेतले, कारण जे घडलं ते घरच्यांना सोडून कुठे सांगितलं नव्हतं.

मी आले ऑक्टोबरमध्ये. पहिला महिना मजेत गेला. ट्राम, नदी, पिवळी पानं, फोटो. नोव्हेंबरपासून अंधार लवकर पडायला लागला. डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो. आपल्याकडे त्या वेळेला बाया वावरातून परतायच्या बेतात असतात, आणि तिकडे रस्त्यावर दिवे. माझी खोली चौथ्या मजल्यावर होती, शेजारच्या तिघी दार लावून घेणाऱ्या. सांख्यिकीच्या चाचणीत मी आपटले. घरमालकाशी डिपॉझिटवरून वाद झाला, त्यानं जर्मनमध्ये लांबलचक पत्र पाठवलं, आणि ते उघडायचीही भीती वाटायला लागली. टेबलावर ते पत्र पाच दिवस तसंच पडून होतं. त्यावर मी उलटा कप ठेवला होता, नजरेला पडू नये म्हणून.

प्रार्थना करायची का? करायची. पण तोंडातून शब्द निघत नव्हते. मंडळीनं मला पण तुझ्यासारखंच पाठवलं होतं. "आमची दबोरा" म्हणाले होते, बायबलमधल्या त्या धीट बाईसारखी. मग घरी काय सांगणार? व्हिडिओ कॉलच्या आधी तोंड धुवायचं, केस विंचरायचे, दिव्याखाली बसायचं आणि सांगायचं, मस्त आहे. असं तीन आठवडे चाललं.

एका रात्री, तिकडचे दहा वाजले असतील, चुकून घरी फोन लागला. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे अडीच. उचलला बुढीनं, म्हणजे माझ्या आजीनं. तिला वाचता येत नाही, चष्माही धड नाही, पण फोन तिच्याच उशाशी असतो. तिनं कशी आहेस वगैरे विचारलंच नाही. म्हणाली, "जेवली काय वो? दाखव बरं ताट."

दाखवायला ताटच नव्हतं. दोन दिवसांपासून मी बिस्किटांवर होते. मी रडायला लागले, तर ती एक शब्द बोलली नाही. रडू दिलं. मग म्हणाली, "उठ वो माय. पयले भात मांड. म्या हावो इथंच."

मी फोन चहाच्या डब्याला टेकवून ठेवला. तांदूळ धुतले. तिला पातेलं दिसत नव्हतं, पण आवाज ऐकू येत होता. मध्येच म्हणाली, "आता झाकण सरकव, उतू चाललं." साडेसहा हजार किलोमीटरवरून. भात झाला, त्यावर तिचंच तिखट आणि तेल घातलं, आणि ती बघत असताना मी खाल्लं. तेव्हा तिनं एलीयाची गोष्ट सांगितली, जी मी रविवारच्या शाळेत शंभर वेळा ऐकली असेल. एवढा मोठा संदेष्टा, कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरवलेला, आणि दुसऱ्याच दिवशी जिवाच्या भीतीनं रानात पळाला, झुडपाखाली बसून म्हणाला की आता मला मरू दे. बुढी म्हणाली, "देवानं त्याले रागावलं काय? देवदूत आला तं त्यानं उपदेश नाही केला. उठ म्हणे, खाय. भाकर दिली, पाणी देलं. तो खाऊन पुन्हा झोपला, तं झोपू देलं. पुन्हा उठवलं, पुन्हा खाऊ घातलं. बोलणं सारं मंग. आता झोप."

मी झोपले. कित्येक दिवसांनी सलग झोपले.

तुझ्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर हे आहे. माझं भय त्या रात्री गेलं नाही. ते पत्र दुसऱ्या दिवशीही टेबलावरच होतं. पण भय म्हणजे अविश्वास हे जे डोक्यात बसलं होतं ते गेलं. त्या समजुतीमुळेच मी तीन आठवडे खोटं बोलत होते, देवाशीसुद्धा. लपवण्यानं जास्त खचले मी, भीतीनं तेवढी नाही.

पुढचं थोडक्यात. तिथल्या बहुतेक विद्यापीठांच्या गावी प्रोटेस्टंट आणि कॅथलिक विद्यार्थी मंडळी असतात, ई-एस-जी आणि के-एच-जी म्हणतात त्यांना. परदेशी विद्यार्थी अडचणीत आला तर तिथे विचारता येतं, आणि कोणत्या चर्चचा हे कोणी आधी बघत नाही. मी बुधवारी संध्याकाळी गेले. सूप होतं आणि ब्रेड. कॅमेरूनचा एक मुलगा, इंडोनेशियाच्या दोघी. गाणं सुरू झालं तर चाल ओळखीची निघाली, आपल्याकडे नाताळात म्हणतो तीच. शब्द त्यांचे जर्मन, मी मराठीत म्हटलं. कोणी वळूनही पाहिलं नाही. त्यांच्यातल्याच एका ताईनं ते पत्र वाचून दिलं. आत एवढंच होतं की बँकेचा नंबर चुकीचा आहे, बरोबर नंबर कळवा. पाच दिवस मी ज्याला घाबरले ते हे!

आणि एक गोष्ट जोर देऊन लिहिते. प्रार्थनेसोबत मी समुपदेशकाकडेही गेले. विद्यार्थ्यांसाठी ती सोय असते, पैसे पडत नाहीत. सहा वेळा गेले. कोणी म्हणेल की मग प्रार्थनेवर भरवसा नव्हता का. लूक स्वतः वैद्य होता, एवढंच सांगते.

चिखलदरा_मावशी
बाळा, हिनं लिहिलं ते वाचून डोळे भरून आले. मी एक जुनी गोष्ट घालते. पंडिता रमाबाई १८८३ साली लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला शिकायला गेल्या. सोबत एक मैत्रीण होती, तिचा त्याच वर्षी तिकडे फार दुःखद मृत्यू झाला. रमाबाई एवढ्या हादरल्या की ऑक्सफर्डला संस्कृतचे अभ्यासक मॅक्स म्युल्लर यांच्याकडे राहायला गेल्या तेव्हा त्यांच्या खोलीत रोज रात्री सोबतीला एक मोलकरीण झोपवावी लागे. म्युल्लरांनी स्वतः लिहून ठेवलंय ते. संस्कृतच्या पंडिता, भर सभेत शास्त्र्यांना उत्तरं देणारी बाई, तिला रात्री एकटं झोपवत नव्हतं. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे मुक्ती मिशन, दुष्काळातल्या मुली, मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल, हे सगळं याच बाईनं केलं. सोबत मागायला लाजू नको रे. रमाबाईंनाही सोबत लागली.

जुना_पाळक
पस्तीस वर्षं खेड्यातल्या मंडळ्या सांभाळल्या, आता घरी असतो. पहारेकरी बंधूंच्या म्हणण्यावर प्रेमानं दोन शब्द.

"भिऊ नको" हे वाक्य शास्त्रात आहे हे खरं. पण ते कोणाला म्हटलंय ते पाहा. हागारेला, रानात पोर मरायला टेकलं तेव्हा. मरियेला. मेंढपाळांना. जे भ्यालेले होते त्यांनाच म्हटलंय. अंधारात पोर किंचाळलं की आई धावत येऊन "भिऊ नको" म्हणते, ते रागावून नाही म्हणत. आधी उचलते, मग म्हणते. वाक्य तेच, पण उचलून घेणं वगळलं तर त्याचा दगड होतो.

नावेत प्रभू झोपला होता हे बरोबर. पण तोच प्रभू गेथशेमाने बागेत झोपला नाही. मार्क लिहितो की तो फार व्याकूळ झाला. तिघा मित्रांना म्हणाला, माझ्यासोबत जागे राहा. हा प्याला टळू दे असं त्यानं बापाला उघड म्हटलं. लूक तर सांगतो की स्वर्गातून दूत येऊन त्याला शक्ती देत होता, आणि त्यानंतरही तो कळवळून प्रार्थना करतच राहिला, घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता. दूत आल्यावरही वेदना थांबली नाही. मग संत्राबागच्या छातीतली धडधड पाप कशी म्हणायची? मित्र मात्र झोपून गेले, आणि प्रभूनं खंत बोलून दाखवली ती त्यांच्यापाशी.

मंडळीला माझं सांगणं आहे की मुलाला पाठवताना "याला भय नाही" अशी प्रार्थना करू नका. "याला भय वाटेल तेव्हा आम्ही जागे राहू" अशी करा.

आणि मुला, दानीएलाचा पहिला अध्याय पुन्हा वाच, परदेशी शिकायला गेलेल्या पोराचा म्हणून. बाबेलात परकी भाषा, परकी विद्या, तीन वर्षांचा कोर्स, बदललेलं नाव. सिंहाची गुहा फार पुढे आहे. पहिल्या अध्यायात प्रश्न एवढाच की जेवायचं काय. आणि तो एकटा नव्हता, चौघं होते. तुझे तिघं कोण ते जाण्याआधी ठरव.

संत्राबाग_अचलपूर
पाळकबाबा, भाकरताई, वाचून बराच वेळ गच्चीवर बसलो. ताई, एक कोरडा प्रश्न. तिकडे पत्ता नोंदवताना फॉर्ममध्ये धर्म विचारतात म्हणे, आणि लिहिला की पगारातून चर्चचा कर कापतात? एक सीनियर म्हणाला, रिकामं सोड.

भाकर_आणि_ब्रोट
खरं आहे, कर आहे. पण तो पगाराच्या टक्क्यानं नसतो, प्राप्तिकराच्या टक्क्यानं असतो. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये ८ टक्के, बाकी राज्यांत ९. प्राप्तिकरच शून्य असेल तर हाही शून्य, आणि शिकताना थोडं काम करणाऱ्याला बहुधा तेच होतं. परदेशी विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस काम करता येतं. मी धर्म लिहिला. पुढे नोकरी लागेल तेव्हा कापतील तर कापू देत. ज्यांच्या सूपवर मी तो हिवाळा काढला त्यांच्या दिव्याचं बिल त्यातूनच जातं. तुझा निर्णय तू घे, पण भीतीपोटी नको घेऊ.

आणखी एक राहिलं. हालेमध्ये फ्रांके नावाच्या पाळकांनी उभारलेल्या जुन्या अनाथालयाच्या इमारती आहेत. त्सिगेनबाल्ग नावाचा मिशनरी हालेला शिकला आणि तिथल्या फ्रांकेंच्या प्रभावातला. डेन्मार्कच्या राजानं त्याला तमिळनाडूत तरंगंबाडीला पाठवलं. सात महिन्यांहून जास्त जहाजात काढून १७०६ च्या जुलैत उतरला तेव्हा पुरता २४ वर्षांचाही नव्हता. तमिळचं अक्षर येत नव्हतं. शाळेतल्या लहान पोरांच्या बाजूला बसून वाळूत बोटानं अक्षरं गिरवली त्यानं. पुढे तिथल्याच डॅनिश अधिकाऱ्यानं चार महिने कोंडूनही ठेवलं. भाषेच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून माझे कान लाल व्हायचे तेव्हा मी त्या वाळूतल्या बोटाचा विचार करायचे. तिकडून आपल्याकडे कोणीतरी असाच काही न येणारा होऊन आला होता.

मन खचलं तर बोलायला जर्मनीतला हेल्पलाइन नंबर लिहून ठेव: ०८०० १११०१११. दोन्ही चर्च मिळून चालवतात, चोवीस तास, फुकट. बोलणं जर्मनमध्ये असतं, पण मोडकंतोडकं चालतं. घरच्यांसाठी आपला टेली-मानस आहे, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, मराठीतही बोलतात. मागे राहिलेल्या आईबापांनाही लागतो तो.

जागता_पहारेकरी
मी दोन दिवस उत्तर दिलं नाही.

पाळकबाबांचं वाचून काल रात्री मुलाला फोन केला. तो दर रविवारी करतो, पाच मिनिटं, सगळं ठीक आहे म्हणतो, आईकडे देतो. काल मी केला, वारही आडवाच होता. तो घाबरला, म्हणाला काय झालं घरी. मी म्हटलं काही नाही, तुला कधी भीती वाटते का तिकडे?

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "बाबा, तुम्हीच सांगितलं होतं ना, रडत फोन करायचा नाही." दीड तास बोललो आम्ही. पहिल्या वर्षी त्याला काम नव्हतं, एक वेळ जेवून दिवस काढले, ते मला काल कळलं. मी इथे मंडळीत उभा राहून त्याच्या विश्वासाची साक्ष देत होतो तेव्हाचे दिवस ते.

संत्राबाग, माझी पहिली पोस्ट काढत नाही, राहू दे. पण तू ती मानू नको. तुझ्या तिघांत मला घेशील तर रात्री कधीही फोन कर.

चिखलदरा_मावशी
पहारेकरी भाऊ, प्रभूनं तुमच्या घरावर कृपा केली. पोराला एकदा भेटायला जा, जमलं तर.

संत्राबाग_अचलपूर
उद्या निघतो. आज संध्याकाळी बागेत गेलो होतो. बाबा झाडांखालची गळालेली फळं टोपल्यात वेचत होते, बुरशी पसरू नये म्हणून रोजच वेचतात. मीही बसलो वेचायला. चार झाडं होईपर्यंत काही बोललो नाही. मग म्हटलं, "बाबा, मले भेव लागते."

ते थांबले नाहीत. वेचता वेचता म्हणाले, "मले बी."

एवढंच. टोपलं भरलं, बांधावर नेऊन खड्ड्यात ओतलं. परतताना मोटारच्या खोलीशी थांबले. तिथल्या भिंतीवर ते विटकरीच्या तुकड्यानं थ्री-फेज लाईनच्या वेळा लिहून ठेवतात, कोणत्या आठवड्यात दिवसाची, कोणत्या आठवड्यात रात्रीची. मला विचारलं, तिकडे रात्रीचे दहा वाजले की इथे किती वाजतात? ताईंच्या पोस्टमुळे मला पाठ होतं. उन्हाळ्यात दीड, हिवाळ्यात अडीच.

त्यांनी लाईनच्या वेळांच्या खाली लिहिलं: जर्मनी रात्री १०. उन्हाळा १:३०. हिवाळा २:३०. हात झटकले आणि म्हणाले, "रातची लाईन असली की म्या जागाच असतो. नसली तं तू उठवजो."